पाचव्या दसऱ्याचा हार

फार वर्षांपूर्वी एका आडगावच्या दवाखान्यात नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र आलं. त्याचा जाड प्लग भिंतीतल्या सॉकेटात बसेना. खराब होऊ नये म्हणून त्याला प्लास्टिकसकट कोठीत ठेवलं. भिंतीपलीकडून बाळांचं रडणं ऐकू येई. यंत्र तेवढ्यावरच दिवस काढी.

दर दसऱ्याला इंदुमती सिस्टर त्याला हळदकुंकू वाहत, झेंडूचा हार घालत. पाचव्या दसऱ्याला त्यांनी काळा पडलेला एक बल्बही आणून ठेवला. "असंच नवंकोरं राहा रे बाबा," म्हणत त्यांनी यंत्राला हात जोडले आणि दार ओढून घेतलं.

"आजवर बाळांना मीच शेकत होतो," बल्ब म्हणाला. "आज उडालो. दुसरा उद्या येईल."

"कशी असतात रे बाळं?" यंत्राने विचारलं.

"तू पाहिलीच नाहीस?"

"नुसती ऐकतो. गार पडली की रडतात. गप्प झाली की समजतो, ऊब मिळाली. एकदा तरी एखादं माझ्याकडे द्यायला हवं होतं."

पलीकडे एक बाळ बराच वेळ रडत होतं. हळूहळू त्याचा आवाज बारीक झाला आणि थांबला.

"मिळाली बघ ऊब!" यंत्र म्हणालं.

पलीकडे बल्बची जागा अजून रिकामीच होती.