व इतर

“…म्हणजे ते पळून गेले होते, की नाही? एवढंच सांगा, बाबा.”

प्राध्यापक मुकुंद सोनटक्के यांनी हे आधीही कितीदा तरी विचारलं होतं. भिंगोली गावाबाहेरच्या टेकडीवर फकीरबाबांचा तकिया, म्हणजे त्यांची मठी, होती. नोकरीला लागल्यापासून दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुकुंदराव इथे येत. आता ते निवृत्त झाले होते. बाबा फार थकले होते.

संस्थानी अमलातली गोष्ट. वाढलेल्या शेतसाऱ्याविरुद्ध भिंगोलीच्या लोकांनी कचेरीवर मोर्चा नेला. पुढारी होते दादासाहेब खडसंगीकर. वेशीत गोळीबार झाला, माणसं पडली. दादासाहेब वाचले, पुढे मंत्री झाले, आणि वारल्यावर चौकात त्यांचा पुतळा उभा राहिला.

त्या मोर्चातलं गावात आता एकच माणूस उरलं होतं. फकीरबाबा.

“त्यांच्यावरच्या सिनेमात दादासाहेब सदरा फाडून बंदुकांसमोर उभे राहतात,” मुकुंदराव म्हणाले. “लोक थिएटरात रडतात. आणि मी पुराव्यानिशी लिहिलं, की ते आदल्या संध्याकाळीच संस्थानाच्या हद्दीपार गेले होते, तर माझ्या पुस्तकाची चौकात होळी केली!”

“धूर इथवर आला होता.”

“मग बोला ना! तुमच्या शब्दापुढे कुणी जाणार नाही.”

बाबांनी खाली गावाकडे पाहिलं.

“नव्हते,” ते म्हणाले. “दादासाहेब मोर्चात नव्हते.”

सारा जन्म त्यांनी या एका शब्दासाठी घालवला होता.

“हे… हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर तू परत आला नसतास.”

“मी यायला कशाला हवा होतो?”

बाबांनी उलट विचारलं, “दादासाहेबांवर एवढा राग का तुझा?”

“माझे वडील त्या वेशीत मेले, बाबा. मी आईच्या पोटात होतो.”

“ठाऊक आहे मला. त्यांच्याबद्दल काय लिहिलंस?”

मुकुंदरावांनी मांडीवरचं जाडजूड पुस्तक उघडलं. पान शोधावं लागलं.

“नाव आलंय… एकदा. तळटीपेत.”

“आणि दादासाहेब?”

“ते… बाकी सगळं.”

खाली गावात कुठेतरी लाउडस्पीकरवर सिनेमातलं गाणं लागलं होतं. दादासाहेबांच्या जयजयकाराचं.

“कसे होते वडील?” बाबांनी विचारलं.

“कोण सांगणार? आई मला घेऊन माहेरी गेली, ती या गावाचं नाव काढायची नाही. फोटो नाही. वेशीत मोर्चाच्या स्मारकाचा खांब आहे, त्यावर वर दादासाहेबांचं नाव आहे, आणि खाली नुसतं ‘व इतर’. त्या इतरांत असतील ते.” मुकुंदरावांनी पुस्तक मिटलं. “दादासाहेब चहात किती साखर घ्यायचे, ते मला माहीत आहे, बाबा.”

“आमच्या घरांची भिंत एक होती,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी काशिनाथ माझ्या शेजारी चालत होता.”

पुस्तक मुकुंदरावांच्या मांडीवरून घसरलं. त्यांनी ते उचललं नाही.

“तुम्ही… ओळखत होतात त्यांना?”

“तुझा चेहरा पाहूनच तुला ओळखलं होतं मी.”

“मग सांगा ना!” मुकुंदराव गुडघ्यांवर पुढे सरकले. “कसे दिसायचे? हसायचे कसे? वेशीपर्यंत काय बोलत होते? माझ्याबद्दल… होणाऱ्या मुलाबद्दल काही बोलले होते का?”

इतक्या वर्षांत त्यांनी वडिलांबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलले, आणि थांबले…

मग त्यांनी हात वर केला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची उंची दाखवावी, तसा. हात खांद्यापर्यंत गेला. कानापर्यंत गेला. पुन्हा खाली आला. हवेतच चाचपडत राहिला, आणि शेवटी मांडीत येऊन पडला.

मुकुंदराव वाट पाहत होते.

बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

“तू पहिल्यांदा आलास तेव्हा आठवत होतं, बेटा.”