गडग्याची राखण

"बुवा, आणखी काटे लावू का?"

केरबाने हे तिसऱ्यांदा विचारलं. हरगीरबुवा नुसतेच समोरच्या गडग्याकडे बघत बसले होते.

पठारावरच्या त्या मठामागे तीनशे वर्षांपूर्वीचं एक नाचणीचं शेत होतं. त्याच्या चहूबाजूंनी कमरेएवढा गडगा. चुना नाही, माती नाही, दगडावर नुसता दगड. तीन वर्षांपूर्वी सरकारने तिथे पाटी ठोकली, की इथलं काही तोडू नये, हलवू नये. राखणीचं काम बुवांच्या या शिष्याने हौसेने मागून घेतलं. बाहेरून करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. ठकूमावशी धनगरीण लग्न होऊन आल्यापासून तिथे शेळ्या चारायची, तिलाही हाकलून दिलं.

आणि आता गडगा पोटाशी फुगला होता. फटीफटींतून पिंपळाची रोपं वर आली होती. पिंपळ उपटायची केरबाची छाती होईना, शिवाय पाटीची मनाई होतीच. चैत्रात फटीत बोट जायचं, आता मूठ जात होती. सकाळी उठून तो आधी मूठ घालून बघायचा, मग तोंड धुवायचा. भीतीने त्याचं अन्न तुटलं होतं.

"सोमवारी तपासणीला सरकारी साहेब येणार. तीनशे वर्षं उभं राहिलेलं माझ्या हाताखाली पडलं तर..."

"शेळी कधी आत आली?"

"एकसुद्धा नाही. खूर लागू दिला नाही मी." एवढ्या धास्तीतही त्याची मान ताठ झाली.

"तुझ्याआधी कोण राखायचं?"

"कोणीच नाही, बुवा. शेळ्या खुशाल वर चढायच्या, दिसेल तो कोंब ओरबाडून खायच्या..."

बोलता बोलता त्याची नजर फटींतल्या पिंपळाच्या रोपांवर गेली.

बुवा उठले आणि त्यांनी कुंपणाची एक फांदी ओढून बाजूला टाकली. तळहातातून रक्त आलं. त्यांनी दुसरीला हात घातला, तेव्हा केरबाने ती त्यांच्या हातून घेतली आणि उरलेल्या स्वतःच उपसल्या.

मग उतारावर जाऊन त्याने ठकूमावशीला हाक मारली. दोन हाका तिने ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या. तिसरीला वळली.

शेळ्या धावत आल्या. सवयीने केरबा दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"केरबा," बुवा म्हणाले, "राखणदार आलेत. वाट सोड."