कासवाची वाट पाहणारं गाव

फार जुनी गोष्ट. एका नदीकाठच्या गावातले लोक उन्हाळ्याच्या तोंडावर नदीच्या वाळूत कलिंगडं लावायचे. पण बी कधी टोचायचं, हे ठरवायचं एक म्हातारं कासव.

थंडी पडली की ते काठच्या चिखलात स्वतःला गाडून घेई. वसंताची चाहूल लागली की आपल्या पायांनी बाहेर येई आणि काळ्या खडकावर ऊन खात बसे. कासवावर नजर ठेवायचा मान एका घराकडे होता. त्या घरातलं माणूस शिंग फुंकी, मगच गाव बी टोची. वडील वारल्यावर हा मान भिवराकडे आला. तिचं ते पहिलंच वर्ष.

त्या वर्षी राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. गावचे पाटील दरबारात सांगून आले, "महाराज, पंगतीला कलिंगडं आमच्या गावची!" गावाला केवढा आनंद झाला! पण दिवस जाऊ लागले आणि कासव काही बाहेर येईना. आणखी उशीर झाला, तर लग्नापर्यंत फळ तयार होणार नव्हतं.

एके दिवशी सकाळी आरोळी उठली, "कासव आलं! कासव आलं!" सगळं गाव नदीवर धावलं. खडकावर खरोखरच कासव होतं.

"फुंक पोरी शिंग," पाटील म्हणाले.

भिवरा खडकाजवळ गेली. कासवानं मान आणि पाय आत ओढून घेतले होते. पाठ गारठलेली होती. तिनं चिखलाकडे पाहिलं. कासवाच्या पंजाचा एकही ठसा नव्हता. ठसे होते ते माणसाच्या पावलांचे.

ती वळली. "पाटीलबाबा, हे आलेलं नाही. ह्याला कुणीतरी उकरून आणलंय."

पाटलांची नजर खाली गेली. मग ते हळूच म्हणाले, "गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे, भिवरा. राजाला शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय, कासवानं नाही."

लोक चिडले. कुणी म्हणालं, "बाप असता तर केव्हाच फुंकलं असतं!" कुणी म्हणालं, "मान काढून घ्या हिचा!"

"काढून घ्या," ती म्हणाली. "पण घराघरात एकाच पेरणीपुरतं बी आहे. माझ्या शिंगावर विसंबून ते थंडीत कुजलं, तर पुन्हा ह्या गावात मी कुणाला तोंड दाखवू?"

तिनं शिंग कमरेला खोचलं, कासव दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या चिखलात परत नीट झाकून ठेवलं.

पाटलांनी आणि आणखी चार घरांनी त्याच दिवशी बी टोचलं. बाकीच्यांनी कुरकुर केली, पण बी घरातच ठेवलं. पाचव्या दिवशी उत्तरेकडून असं हिव आलं की गाईगुरं गोठ्याबाहेर पडेनात. पाटलांनी वाळू उकरून पाहिली. बी कुजून काळं पडलं होतं.

आणखी बारा दिवसांनी कासव आपल्या पायांनी खडकावर आलं. भिवरानं शिंग फुंकलं. गाव पेरणीला निघालं. पाटील आणि ती चार घरं मात्र रिकाम्या हातांनी काठावर उभी राहिली.

भिवरा पाटलांजवळ आली आणि आपल्या बियांतलं अर्धं बी तिनं त्यांच्या उपरण्यात ओतलं. ते पाहून बाकीच्यांनीही त्या पाचही घरांना मूठ मूठ बी आणून दिलं. पाटील सगळ्यांसमोर म्हणाले, "कासव मीच उकरलं होतं."

लग्न होऊन गेलं. पंगतीला कलिंगडं पोचली नाहीत. महिन्याभरानं गाड्या भरून गेल्या, तेव्हा राजानं विचारलं, "शब्द देऊनही उशीर का?"

पाटील घाबरले नाहीत. छाती पुढं काढून ते म्हणाले, "महाराज, चूक माझी. मी घाई केली, खोटेपणाही केला. पण आमच्या गावात भिवरा नावाची एक मुलगी आहे. सगळं गाव एका बाजूला उभं राहिलं, तरी तिनं खोटं शिंग फुंकलं नाही. तिच्यामुळेच आज ह्या गाड्या भरल्यात."

राजानं एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाला, "पाटील, कलिंगडं गोड आहेत. पण मला तुमच्या गावाचा हेवा वाटतो, तो त्या मुलीमुळे."

तात्पर्य: सगळ्यांना हवं असलेलं खोटं जो एकटा नाकारतो, तोच आपल्या गावाची मान उंच ठेवतो.