मालकांचा नकार

आदगोंडा शेठांच्या इचलकरंजीतल्या शेडमध्ये ऐंशी माग धडधडत आणि कामगारांचे कान एकेक करून निकामी होत. सुरक्षा सल्लागार डॉ. मुजुमदार तीन वर्षं आवाजाचे आलेख घेऊन खेटे घालत होते. शेठांचं उत्तर ठरलेलं असे, "आवाज कुठाय एवढा? कानात घालायला बुचं-बिचं मिळणार नाहीत."

एकदा शेडच्या दारात हेच ऐकून मागांसाठी सुताच्या कांड्या भरणारी हौसाबाई पुढे झाली. 'माझे आलेख हरले, तिथे ही काय करणार?' मुजुमदारांना वाटलं.

"मालक, हे आत येऊन सगळ्यांस्नी सांगा. ऐकू आलं, तर पुन्हा मागणार न्हाई."

शेठ ऐटीत आत गेले आणि घसा बसेपर्यंत ओरडले. कामगारांनी हसून हात जोडले.

"सांगितलं!" बाहेर येऊन शेठ घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"व्हय की. 'बुचं देतो' म्हणालासा, असंच समजलीत समदी. न्हाई म्हणाला असाल, तर आवाज केवढा हाय ते तुम्हीच दाखवलंत."

शेठांनी बुचं मागवली.

मुजुमदारांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं, पण स्वतःचे हरलेले आलेख त्यांना खुपत राहिले. शेवटी त्यांनी विचारलंच, "बाई, शिक्षण किती?"

"चौथी नापास."

निदान मॅट्रिक तरी म्हणायला हवं होतं तिने, असं त्यांना फार वाटलं.