देवापुढचे कोरडे तांदूळ

देशमुखांच्या घरातली मोत्याची नथ नाहीशी झाली आणि त्याच सकाळी बांगड्या भरायला आलेल्या राही कासारणीला शिपायांनी सदरेवर आणून उभं केलं. तिथला रिवाज असा, की ज्याच्यावर आळ आला त्याने देवापुढचे तांदूळ चावून थुंकायचे. ओले निघाले तर तो सुटला. कोरडे निघाले तर तो चोर, आणि चोराचा हात तोडायचा.

मागे उपसलेली तलवार बघून राहीच्या घशाला कोरड पडली. हातच गेला तर बांगड्या कशाने भरणार? तिने तांदूळ चावले आणि थुंकले. कोरडं पीठ उडालं.

"बघा सरकार, सापडली चोरटी!" कारभारी त्रिंबकपंत ओरडले.

राही देशमुखांकडे वळली. कसाबसा आवाज फुटला. "सरकार, पंत चोर नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यांनाही हेच तांदूळ द्या. मागे हीच तलवार, आणि कोरडे निघाले तर हीच शिक्षा."

"काय हरकत आहे, पंत?" देशमुख म्हणाले. "चावा."

पंतांनी चावले, पुन्हा चावले, तलवारीकडे चोरून पाहिलं. थुंकले, तर पीठच उडालं.

"तांदळाला चोर कळत असेल तर दोघांचेही हात तोडा, सरकार," राही म्हणाली. "त्याला नुसती भीती कळत असेल, तर मी चोरी केल्याचा पुरावा पंतांनी आणावा."

देशमुखांनी तलवार म्यान करायला लावली. "ऐकलंत ना, पंत? पुरावा आणा."

"होय सरकार" म्हणायला पंतांनी तोंड उघडलं, पण आधी त्यांना पाणी पाजावं लागलं.