नव्वद पोथ्या आणि कारल्याच्या फोडी

एका नगरात औषधांच्या पोथ्यांचं मोठं भांडार होतं, आणि त्या भांडारापायी मथुरेची झोप उडाली होती. लोक येऊन दुखणं सांगत, शोधणारा पोथी काढून देई. शोधणारे दोन, त्र्यंबक आणि जानोजी. राणीला एकच ठेवायचा होता.

"तू शिकलेली आहेस, मथुरे. कोणाला ठेवू, ते आठ दिवसांत सांग."

शिकलेली खरी. पण आपण चुकलो, तर कुणाच्या तरी लेकराला भलताच काढा पाजला जाईल!

तिनं आधी मोजलं. त्र्यंबकनं नव्वद पोथ्या काढल्या, जानोजीनं चाळीस. झालं, ठरलं! तरी चैन पडेना, म्हणून तिनं लोकांना विचारलं.

"जानोजीच बरा. बसा म्हणतो, पाणी देतो, सगळं दुखणं ऐकून घेतो."

आकडे एकीकडे, माणसं दुसरीकडे. एवढं शिकून हेच का, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

दुपारी जेवताना तिनं सहा वर्षांच्या लेकीला, बकुळला विचारलं, "कारलं आवडलं?"

"हो, खूप!" ताटही लख्ख होतं. मथुरेनं ते उचललं, तर खाली कारल्याच्या फोडी!

म्हणजे गोड शब्दही फसवतो आणि लख्ख ताटही! ती तडक भांडाराच्या दारात जाऊन बसली. तेवढ्यात कुंभारीण आली.

"मावशी, काल पोथी मिळाली ना तुम्हाला?"

"मिळाली की! परवाही मिळाली. मला हवी कोरड्या खोकल्याची, त्र्यंबक देतो ओल्याची. आज तिसरी खेप!"

म्हणजे एकाच खोकल्याच्या पोथ्या नव्वदांत पुन्हा पुन्हा मोजल्या होत्या! इतक्यात जानोजीकडून एक आजोबा हसत बाहेर पडले. हात रिकामेच.

"माणूस गोड आहे हो," ते म्हणाले. "पोथी काय, मिळेल कधीतरी."

मथुरा राणीकडे गेली. "राणीसाहेब, दोघांनाही ठेवा. जानोजी नीट ऐकेल, त्र्यंबक चटकन काढेल. आणि पोथ्या मोजू नका, ज्यांना परत यावं लागलं नाही ती माणसं मोजा. मग त्यांच्या घरी जाऊन विचारा, बरे झालात, की कंटाळून यायचं सोडलंत?"

राणीला पटलं. घरी येऊन मथुरेनं सारं बकुळला रंगवून सांगितलं. "मग, काय शिकलीस?"

बकुळ म्हणाली, "कारलं ताटाखाली नाही लपवायचं. तू तिथं बघतेस."

तात्पर्य: किती ते आकडा सांगतो, का ते माणूस सांगतो; पण दोन्ही ताडून आणि स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय कशाचीही पारख करू नये.