टिंबी आणि गुलाबी पाणी

एक होती काचेची बशी. बशीत होतं गोड गुलाबी पाणी. पाण्यात राहायची टिंबी. टिंबी म्हणजे माणसाच्या अंगातली इवलीशी पेशी. प्रयोगशाळेतल्या हेमलताताईंनी तिला बशीत ठेवलं होतं. टिंबीचं काम पहारा द्यायचं.

एकदा बशीत जंतू आला. सुळुक सुळुक. टिंबीच्या वाटचं पाणी पिऊ लागला. टिंबी घाबरली. पळाली. मग तिला फार लाज वाटली. आपले लांब लांब हात आखडून ती गोळा झाली.

टुबुक टुबुक, गेली बशीतल्याच गिळूआजीकडे. आजी मोठी पेशी, जंतू गिळणारी.

"आजी, आजी, जंतू गिळ."

आजी म्हणाली, "निसरडा आहे गं तो. डिंकूदादा डिंक लावेल, तर मी गिळीन."

टिंबीनं मान खाली घातली. टुबुक टुबुक, गेली डिंकूदादाकडे. दादा चिकट डिंक बनवणारी पेशी.

"दादा, दादा, डिंक लाव.
डिंकाशिवाय आजी गिळेना,
जंतू काही हलेना."

दादा म्हणाला, "हाकूकाका हाक देईल, तर मी लावीन."

टिंबीची मान आणखी खाली. टुबुक टुबुक, गेली हाकूकाकाकडे. काका हाक देऊन सगळ्यांना कामाला लावणारी पेशी.

"काका, काका, हाक दे.
हाकेशिवाय दादा लावेना,
डिंकाशिवाय आजी गिळेना,
जंतू काही हलेना."

काका म्हणाला, "जंतूचा तुकडा दाखव, तर मी हाक देईन."

टिंबीनं हळूच विचारलं, तुकडा कोण आणतं?

"पहारा देणारी आणते," काका म्हणाला.

काका रागावला नाही. म्हणून टिंबीला जास्तच लाज वाटली. ती मागे वळली. वाटेत पुटपुटत राहिली.

"तुकड्याशिवाय काका हाक देईना,
हाकेशिवाय दादा लावेना,
डिंकाशिवाय आजी गिळेना,
जंतू काही हलेना."

जंतू केवढा मोठा! पण या वेळी टिंबी पळाली नाही. जवळ गेली. कुटुक! तोडला तुकडा.

टिंबीनं तुकडा दाखवला. काकानं हाक दिली, ओऽऽ. दादानं डिंक लावला, चिप चिप. आजीनं जंतू गिळला, गटक.

हेमलताताईंनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून पाहिलं. बशीत नवं गुलाबी पाणी घातलं. टप टप टप.

आजी म्हणाली, पहिला घोट टिंबीचा. टिंबी मागेच उभी.

"आजी, मी पळाले होते गं."

"हो, मी बघितलं. ये, पी."

टिंबीनं एक हात उघडला. मग दुसरा उघडला. घुटुक.

बशी शांत, पोटं शांत,
गोष्ट निजली निवांत.